मराठी टेक्स्ट फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की कचरा दिसतो: नोटपॅड प्लस प्लस, जीनी आणि मॅकवर काय करायचं

आधी एकच सांगतो. फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी भलतंच काही दिसलं तर सेव्ह करू नका. कंट्रोल-एसची सवय हाताला लागलेली असते, ती जरा आवरा. फाइल बंद करा, विचारलं तर डोन्ट सेव्ह म्हणा, मग तिची एक कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पुढचं सगळं त्या कॉपीवर करा.

एवढं कळकळीने सांगतोय कारण आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथयादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे आणि तिच्यावर तिघं काम करतात, ग्रंथपाल काका वाचनालयातल्या विंडोजवर, मी घरी लिनक्स लॅपटॉपवर आणि पुण्याची मावसबहीण तिच्या मॅकवर. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचातरी फोन येतो, की अरे यादी गेली, सगळं चिनी झालंय, एडिटर बिघडलाय, काढून परत टाकू का? तर एडिटर काढून परत टाकून काहीही होत नाही. एडिटर बिघडलेला नसतो, आणि दहातल्या बऱ्याच वेळा फाइलही बिघडलेली नसते. फाइलमध्ये आत नुसते आकडे असतात, त्यांना बाइट म्हणतात, आणि कुठल्या बाइटचं कुठलं अक्षर हे सांगणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. एका मशीनने लिहिलेले बाइट दुसरं मशीन चुकीच्या तक्त्याने वाचतंय, एवढंच झालेलं असतं. फाइल बिघडते ती आपण घाबरून नको ते बटण दाबतो तेव्हा.

कचरा कुठल्या जातीचा आहे ते बघा

हे ओळखता आलं की निम्मं काम झालं, म्हणून यावर जरा वेळ घालवा.

पहिली जात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्या मागे चार पाय फुटलेलं गोल चिन्ह, नाहीतर जपानच्या येनची खूण, आणि हेच पुन्हा पुन्हा, ओळच्या ओळ. असं दिसलं तर निश्चिंत व्हा, तुमचा मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडचा, सगळ्या लिप्या सामावणारा तक्ता. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि आपल्या सगळ्या अक्षरांचा पहिला बाइट एकच असतो, दुसरा बाइट दोनांपैकी एक. एडिटरने ती फाइल विंडोज-१२५२ नावाच्या युरोपी तक्त्याने वाचली की पहिल्या बाइटचा तो रेघवाला ए दिसतो आणि दुसऱ्याचं गोल किंवा येन. "मराठी" या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट, म्हणून एवढ्याशा शब्दाच्या जागी ती १५ तुकड्यांची माळ येते.

दुसरी जात म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं. इथे मात्र वाईट बातमी आहे. कुणीतरी फाइल एएनएसआय म्हणून, म्हणजे विंडोजच्या जुन्या छोट्या तक्त्यात, सेव्ह केलीय. विंडोजमध्ये देवनागरीसाठी एएनएसआय तक्ता कधी नव्हताच, हिंदी-मराठी तिथे पहिल्यापासून युनिकोडमधूनच आलं, त्यामुळे एएनएसआयमध्ये सेव्ह करताना ज्या अक्षराला जागा सापडत नाही त्याच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. क गेला, ख गेला, सगळ्यांचं एकच प्रश्नचिन्ह झालं, आता त्यातून कुठला क आणि कुठला ख हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. जुनी कॉपी शोधा, मेलमध्ये पाठवलेली शोधा, पेनड्राइव्ह शोधा. आमची एकदा कवितासंग्रहांची अख्खी यादी अशी गेली, ती काकांनी दाखलनोंद रजिस्टर उघडून पुन्हा टाइप केली.

तिसरी जात, रिकामे चौकोन. ही फाँटची गोष्ट आहे, फाइलची नाही. लिनक्सवर डेबियन किंवा उबंटू असेल तर फाँट्स-देवा नावाचं पॅकेज टाका, नोटो किंवा लोहित देवनागरी आलं तरी चालतं. जुन्या विंडोजवर मंगल असायचा, विंडोज ८ पासून निर्मला यूआय असतो, मॅकवर कोहिनूर देवनागरी असतो, त्यामुळे तिथे चौकोन सहसा येत नाहीत.

चौथी जात आपल्याकडे अजून खूप सापडते. साधी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, मध्येच डॉलर, काही अर्थ लागत नाही, पण तो रेघवाला ए आणि गोल यांची माळ कुठेच नाही. ही फाइल शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. तिथे मजकूर आतून इंग्रजी चिन्हांचाच असतो, फाँट फक्त त्यांना मराठीचं रूप देतो, आणि टेक्स्ट फाइलमध्ये फाँट साठवला जातच नाही, मग ते रूप गळून पडतं. इथे एन्कोडिंग कितीही बदला, उपयोग शून्य. त्या त्या फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर वापरावा लागतो आणि नंतर जोडाक्षरं डोळ्याने तपासावी लागतात.

पुढचं सगळं पहिल्या जातीबद्दल आहे, कारण नव्वद टक्के फोन त्याचेच असतात.

विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस

इन्स्टॉल करणं सोपं आहे, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून इन्स्टॉलर घ्या, कुठल्यातरी डाउनलोड साइटवरून नको. शाळेत किंवा वाचनालयात ॲडमिनचा पासवर्ड नसेल तर पोर्टेबल झिप मिळते, ती डेस्कटॉपवर सोडवली की तशीच चालते. हा एडिटर २००३ पासून आहे आणि फक्त विंडोजचा आहे, लिनक्सवर वाइनमधून चालवता येतो पण त्या भानगडीत पडू नका, तिथे जीनी आहे.

आता खरा घोळ. याच्या एन्कोडिंग मेनूत यूटीएफ-८ दोन ठिकाणी आहे. वर नुसतं यूटीएफ-८ असं, आणि खाली कन्व्हर्ट टू यूटीएफ-८ असं. लोकांना वाटतं दोन्ही एकच, नाही, दोघांचं काम अगदी उलट्या दिशेचं आहे. वरचं म्हणतं, बाइट आहेत तसेच राहू दे, फक्त या तक्त्याने वाचून दाखव. खालचं म्हणतं, आत्ता पडद्यावर जे दिसतंय तेच खरं मान आणि ते नव्या तक्त्यात लिहून काढ. पडद्यावर कचरा दिसत असताना खालचं दाबून सेव्ह केलं की कचराच पक्का होतो, म्हणजे रेघवाला ए हा आता खरोखरचा रेघवाला ए म्हणून फाइलमध्ये बसला. म्हणून नियम असा, की कचरा दिसतोय तर वरचं दाबा, मराठी नीट दिसतंय आणि फक्त एन्कोडिंग बदलायचंय तर खालचं.

आणि ज्यांनी खालचं दाबून सेव्ह केलंय त्यांनी लगेच हार मानू नका. कॉपी उघडा, कन्व्हर्ट टू एएनएसआय करा, मग वरचं यूटीएफ-८ निवडा. बहुतेक वेळा मराठी परत उभं राहतं, मी काकांच्या डोळ्यांसमोर हे केलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढून सगळी यादी शेवटपर्यंत वाचली. पण हलन्त, पहिला उकार, चंद्रबिंदू, झ, ए आणि ऐ यांच्यावर लक्ष ठेवा. यांचा शेवटचा बाइट असा आहे की विंडोज-१२५२ च्या तक्त्यात तिथे काहीच नाही, अशा पाच जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे मध्ये दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने ती फाइल हाताळली असेल तर नेमकी हीच गळतात. हलन्त गळला की जोडाक्षरं फुटतात आणि वाक्य कसंतरीच दिसायला लागतं, तेव्हा ते शब्द हाताने नीट करायचे.

पुन्हा असं होऊ नये म्हणून प्रेफरन्सेसमध्ये न्यू डॉक्युमेंटमध्ये जाऊन यूटीएफ-८ निवडा आणि त्याखालची अप्लाय टू ओपन्ड एएनएसआय फाइल्स ही खूण लावा. मिसलेनियस भागात ऑटोडिटेक्ट कॅरेक्टर एन्कोडिंग आहे, ती खूण काढा. ती अंदाज बांधते आणि छोट्या मराठी फाइलचा अंदाज चुकतो, मी तर ती सगळीकडे काढूनच ठेवतो.

विंडोजचा साधा नोटपॅड वापरणाऱ्यांसाठी एवढंच, की विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, तो आपोआप यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतो. त्याआधीच्या मशीनवर सेव्ह ॲजच्या खिडकीत खाली एन्कोडिंग स्वतः निवडावं लागतं, नाहीतर तो एएनएसआय धरतो. वाचनालयाचा पीसी विंडोज ७ चा होता तेव्हाची आमची सगळी प्रश्नचिन्हं तिथूनच आली. तो सेव्ह करताना एक सूचना दाखवायचा, की काही अक्षरं हरवतील, पण ती इंग्रजीत, आणि घाईत माणूस ओके दाबतो.

लिनक्सवर जीनी (आणि हवा तर विंडोजवरही)

स्पेलिंग जी-ई-ए-एन-वाय, शोधताना चुकू नका. २००५ पासूनचा एडिटर आहे, हलका, जुन्या २ जीबी रॅमच्या मशीनवरही लगेच उघडतो, रास्पबेरी पायच्या डेस्कटॉपवर तर तो आधीपासूनच टाकलेला असतो. उबंटू-मिंटवर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधून टाका किंवा ॲप्टने, फेडोरावर डीएनएफने, जीनी-प्लगिन्स हे पॅकेज वेगळं असतं ते लागलं तरच घ्या. विंडोजसाठी त्यांच्या साइटवर इन्स्टॉलर आहे, त्याला लागणारं जीटीके त्यातच येतं. फक्त लिनक्सवर खाली जी टर्मिनलची टॅब दिसते ती विंडोजवर नसते, ती शोधत बसू नका, तिथे ती बनवलेलीच नाहीये.

इथेही तीच दोन दारं आहेत, नावं वेगळी. फाइल मेनूतलं रीलोड ॲज म्हणजे परत वाच, आणि डॉक्युमेंट मेनूतलं सेट एन्कोडिंग म्हणजे सेव्ह करताना असं लिही. कचरा दिसला की रीलोड ॲज, युनिकोड, यूटीएफ-८.

जीनी स्वतःहून आधी यूटीएफ-८ करून बघतो, त्यामुळे त्यात कचरा क्वचितच येतो, पण एक प्रकार मला पुन्हा पुन्हा छळायचा आणि कारण कळायला फार वेळ लागला म्हणून नीट लिहितो. कालपर्यंत छान उघडणारी फाइल आज अख्खी कचरा. रीलोड ॲज केलं तर म्हणतो ही फाइल यूटीएफ-८ नाहीच. झालेलं असं होतं, की काकांनी कमांडने दोन फाइली एकाला एक जोडल्या होत्या, त्यातली एक एएनएसआय होती, आणि तिच्यात फक्त एक इंग्रजी पुस्तकाचं नाव गोलसर अवतरणचिन्हांत होतं. त्या अवतरणचिन्हाचा एक बाइट यूटीएफ-८ मध्ये चालत नाही. जीनी अख्खी फाइल तपासतो, एक बाइट चुकला की पूर्ण फाइल यूटीएफ-८ नाही असं ठरवतो आणि दुसरा तक्ता लावतो, मग हजार ओळी बरोबर असल्या तरी सगळ्या विद्रूप दिसतात. उपाय असा, की ती फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा, वरचं यूटीएफ-८ निवडा, मराठी नीट दिसेल आणि चुकीच्या जागी काळ्या डब्यात एक्स ९३, एक्स ९४ असं काहीतरी दिसेल. तेवढे डबे पुसा, तिथे अवतरणचिन्ह टाइप करा, सेव्ह करा. आमच्या फाइलमध्ये असे फक्त दोन डबे होते.

रफार आणि वरच्या मात्रा अर्ध्या कापल्यासारख्या दिसत असतील तर तो एन्कोडिंगचा दोष नाही. मोनोस्पेस फाँटमध्ये देवनागरी नसतं, मग सिस्टिम दुसऱ्या फाँटमधून अक्षरं उसनी आणते आणि ती ओळीच्या उंचीत मावत नाहीत. व्ह्यू मेनूत चेंज फाँटमध्ये थेट देवनागरीचा फाँट द्या. नाहीतर टूल्स, कॉन्फिगरेशन फाइल्समध्ये फाइलटाइप्स-डॉट-कॉमन आहे, त्यात ओळीच्या उंचीचे दोन आकडे शून्य-शून्य असतात, ते दोन-दोन करा.

मॅकवर

मॅकचा टेक्स्टएडिट हा मुळात रिच टेक्स्टचा एडिटर आहे, साधी फाइल हवी तर फॉर्मॅट मेनूत मेक प्लेन टेक्स्ट करावं लागतं. बहिणीला बाहेरून आलेल्या फाइलमध्ये कचरा दिसायचा, त्याचं कारण उघडताना एन्कोडिंग ऑटोमॅटिक होतं. सेटिंग्जमध्ये ओपन अँड सेव्ह या टॅबवर दोन्ही ठिकाणी यूटीएफ-८ निवडलं आणि तो त्रास संपला. सेटिंग्जमध्येच न्यू डॉक्युमेंट टॅबवर स्मार्ट कोट्स बंद करा, यादीतली साधी अवतरणचिन्हं तो आपोआप गोल करतो. जीनी मॅकवरही आहे, होमब्रूने टाकता येतो, इंटेल आणि ॲपल सिलिकॉन यांचे वेगळे इन्स्टॉलर आहेत तेवढं बघून घ्या.

पायथॉनवाल्यांचा एरर

यादीची वर्गवारी करायला मी एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट लिहिली, लिनक्सवर छान चालली, काकांच्या विंडोजवर जीनीत एफ-५ दाबलं की आधी पायथॉन सापडला नाही, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून टाका असा मेसेज यायचा. म्हणजे पायथॉन टाकलेला नाही, किंवा टाकताना ॲड टू पाथची खूण राहिली. उबंटूवर उलट, तिथे पायथॉन नावाची कमांडच सापडत नाही, पायथॉन३ असते, तर बिल्ड मेनूत सेट बिल्ड कमांड्समध्ये नाव बदलायचं.

ते जमलं की दुसरा एरर येतो, चारमॅप कोडेकला अमुक बाइट वाचता येत नाही, पोझिशन अमुक. बाइटचा नंबर बघा, बऱ्याचदा ८डी असतो. हा म्हणजे आपला हलन्त, वर सांगितलेल्या पाच रिकाम्या जागांपैकी एक. ८१ आला तर पहिला उकार किंवा चंद्रबिंदू, ९डी आला तर झ, ८एफ आला तर ए. विंडोजवर पायथॉन फाइल उघडताना काही सांगितलं नाही तर विंडोज-१२५२ धरतो आणि पहिल्याच जोडाक्षराला किंवा पहिल्या उकाराला अडखळतो. ओपनच्या कंसात एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, तेवढंच पुरतं. मराठी फाइल असेल तर हे लिनक्सवर लिहितानाही लिहायची सवय लावा, स्क्रिप्ट दुसऱ्याकडे जाणारच आहे.

एक्सेलला बीओएम लागतो

यादी सीएसव्ही करून एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडली की पुन्हा तोच रेघवाला ए. एक्सेलला फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची ३ बाइटची खूण लागते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये कन्व्हर्ट टू यूटीएफ-८-बीओएम, जीनीत डॉक्युमेंट मेनूत राइट युनिकोड बीओएम. पण हे फक्त एक्सेलला द्यायच्या कॉपीवर करा. मूळ फाइलवर केलं तर पायथॉनला पहिल्या कॉलमच्या नावाला एक अदृश्य अक्षर चिकटलेलं दिसतं आणि तो म्हणतो असा कॉलमच नाही. लिनक्सच्या शेल स्क्रिप्टवर बीओएम आला तर पहिली ओळच कळत नाही.

ओळींचंही थोडक्यात. विंडोज ओळ संपवायला दोन चिन्हं लिहितं, लिनक्स-मॅक एकच. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर बॅड इंटरप्रिटर म्हणत असेल तर जीनीत डॉक्युमेंट, सेट लाइन एंडिंग्जमध्ये एलएफ, म्हणजे ते लिनक्सचं एकच चिन्ह, करा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एडिट मेनूत ईओएल कन्व्हर्जन.

सगळं दिसतंय पण शोधलं की सापडत नाही

हा त्रास आपल्याला मराठीवाल्यांना होतो, हिंदीवाल्यांना नाही. यादीत "दुसऱ्या" हा शब्द डोळ्यांना दिसतोय, कंट्रोल-एफने शोधला की शून्य. कारण आपला अर्धा चंद्रासारखा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला र आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्याच्यापुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. आमच्यात काकांचा कीबोर्ड एक लिहायचा, माझा दुसरा, त्यामुळे सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांवरची पुस्तकं मला सापडायचीच नाहीत.

करायचं असं, फाइलमधलाच तो शब्द सापडेल तिथून ऱ्य एवढा भाग सिलेक्ट करून कॉपी करा, फाइंडमध्ये पेस्ट करा, आणि रिप्लेसमध्ये स्वतःच्या कीबोर्डने टाइप करा. मग ऱ्ह साठी तेच, कुऱ्हाड आणि ऱ्हास राहून जातात. कुठला प्रकार ठेवायचा ते तिघांनी मिळून ठरवा, आम्ही नुक्त्याचा ठेवलाय कारण त्यात अदृश्य काही नाही.

"ॲ" चंही असंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला, ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधी अ वर चंद्र देऊनच लिहायचे आणि काही कीबोर्ड अजून तसंच लिहितात. ॲल्बम, ॲटलास, ॲनिमल फार्म, सगळे शोधात दोन गटांत विभागले जातात, क्रमवारी लावली तर एकमेकांपासून लांब पडतात. त्याचंही एकदा रिप्लेस ऑल करून घ्या. आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काकांची फाइल आली की आधी ही तीन रिप्लेस चालवतो, मग खालच्या पट्टीत यूटीएफ-८ आणि एलएफ आहे ना ते बघतो, आणि त्यानंतरच नवीन पुस्तकं चढवतो.